नववी ‘ब’चे चार वर्ण

शिक्षकाच्या घरात दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक तांबड्या पेनांची टोपणं आणि दुसरे पोरांचे किस्से. टोपणं कधीतरी केरात जातात. किस्से मात्र जागा अडवून बसतात. आम्ही जुने सहकारी कुणाच्या लग्नात भेटलो, की पंगतीत मठ्ठा येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, “बाई, ती नववी ब काढा.” मग मी काढते.

मी बेलापूरची. घरात वडील शिक्षक, काका कारकून, आत्या शिक्षिका, त्यामुळे माझं काय होणार हे मी जन्मायच्या आधीच ठरलेलं. बी.एड. झाल्याबरोबर एकाहत्तर साली नेमणूक मिळाली ती पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढे एस.टी.तून उतरून कोसभर चालत जायच्या गावी. ऊस बघत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना तिथं हिरवं म्हणून फक्त बाभळी दिसल्या. आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला.

हायस्कुलात हेडसर होते जोशी. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, स्वच्छ धोतर आणि अतिशय घाबरट स्वभाव. काहीही नवीन सुचवलं की म्हणायचे, “नको बाई, बदली होईल.” कुणाची होईल ते सांगत नसत. इतिहासाला वाघ सर. आवाज वाघाचा, शरीर काडीचं. मी मराठीला. त्या वर्षी वाघ सरांना प्राचीन समाजाचा धडा होता, चार वर्ण, त्यांची कामं वगैरे. मला शब्दार्थ, व्याकरण आणि गोष्टीतली पात्रं. नववी ब दोन्ही बाजूंनी आम्हा दोघांच्या तावडीत सापडली होती. का आम्ही तिच्या, ते तुम्हीच ठरवा.

*

गावात लाईट नुकतीच आली होती. म्हणजे खांब उभे राहिले होते, तारा ओढल्या होत्या, आणि पाटलांच्या घरात नि सोसायटीत बल्ब लागले होते. एक वानर तारेला चिकटून मेलं, तेव्हापासून सगळं गाव त्या तारांखालून मान खाली घालून जायचं.

धड्यात ‘सोवळे’ हा शब्द आला. मी अर्थ विचारला. बबन उठला. बबन वर्गात सगळ्यांत उंच, शेवटच्या बाकावरचा. सुट्टी असली की आईबापाबरोबर खडी फोडायला जायचा.

“सोवळं म्हंजी ज्याला शिवायचं न्हाई ते.”

“बरोबर. आता वाक्यात उपयोग कर.”

“इलेक्ट्रिकची तार लई सोवळी असती.”

वर्ग हसला नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. मी म्हटलं, “अरे, सोवळं म्हणजे शुद्ध, पवित्र. चुकून शिवलं तर लोक आंघोळ करतात.”

बबननं जरा विचार केला. “तारंचं बी तसंच हाय, बाई. फकस्त तिला शिवलं तर आंघोळ दुसऱ्यांनी घालावी लागती.”

*

सर्जेराव हा पाटलांचा मुलगा. अक्षर टपोरं, तब्येत टपोरी, फक्त काना-मात्रांशी त्याचं जुनं भांडण. चाचणी झाली आणि वाघ सर त्याचा पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आले. पेपर माझ्यापुढे पालथा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बाई, ही चूक इतिहासाची नाही. शुद्धलेखनाची आहे. तुमच्याकडे येते.”

मी पेपर उलटला. सर्जेरावानं लिहिलं होतं, “प्राचीन काळी ब्राह्मण, क्षत्रिय, वेश्या व शूद्र असे चार वर्ण होते. वेश्या लोक व्यापार करीत व राजाला कर देत. त्यामुळे त्यांना समाजात मान होता.”

तेवढ्यात हेडसर आले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पेपर परत पालथा घातला. “पाटलांना दाखवू नका,” म्हणाले. “बदली होईल.”

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर हाताएवढ्या अक्षरांत ‘वैश्य’ लिहिलं आणि डोक्यावरच्या मात्रांभोवती गोल काढला. “दोन मात्रा. दोन्ही द्यायच्या. एक विसरायची नाही, आणि शेवटी काना लावायचा नाही.”

सर्जेरावानं हात वर केला. “बाई, येकच दिली तर काय अर्थ हुतो?”

“एकच दिली तर शून्य मार्क.”

तो खाली बसला आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, “अर्थ हाय. पन परीक्षंत येत न्हाई.”

*

एका आठवड्यात मी व्याकरणात ‘वर्ण’ शिकवले आणि वाघ सरांनी इतिहासात. मी स्वर-व्यंजनं, त्यांनी ब्राह्मण-क्षत्रिय. एकमेकांना सांगायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

सहामाहीला वाघ सरांनी प्रश्न काढला: वर्णांचे प्रकार सांगून त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.

किसन हा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला मुलगा. त्याच्यासारखं वाचणारं त्या शाळेत दुसरं कुणी नव्हतं. त्यानं धडा वाचला की गाईंना पाणी पाजून परतणारे लोक खिडकीशी थांबायचे. त्याचा पेपर वाघ सर आम्हाला हसत हसत वाचून दाखवायला लागले.

“वर्णांचे मुख्य प्रकार दोन. स्वर व व्यंजने. स्वर थोडे आहेत, व्यंजने पुष्कळ आहेत. स्वर हे दुसऱ्याच्या मदतीशिवाय बोलू शकतात. व्यंजनांचे पाय मोडलेले असतात, त्यामुळे त्यांना उभे राहण्यासाठी स्वरांवर अवलंबून राहावे लागते. परंतु व्यंजने नसतील तर नुसत्या स्वरांनी कोणतेही काम होत नाही. फक्त आ, ऊ, ओ असे ओरडता येते.”

हसणं हळूहळू कमी होत गेलं. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“व्याकरण लिहिलंय गाढवानं,” म्हणाले.

“मग शून्य द्या.”

“द्यायलाच पाहिजे.” त्यांनी तांबडं पेन उघडलं. “पण बाई, फुली कुठल्या ओळीवर मारू?”

शेवटी पेपर माझ्याकडे आला आणि किसनला इतिहासात व्याकरणाचे पूर्ण मार्क मिळाले. मी नंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं, “खरं सांग, चुकून लिहिलंस का मुद्दाम?”

“चुकलोच की बाई,” तो म्हणाला. इतक्या साळसूद चेहऱ्यानं कुणी चुकल्याचं मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

*

कॉलेजात असताना मी गोष्टी लिहीत असे. त्यातली एक नववी ब ला वाचून दाखवायची मला हौस आली. लेखिका मीच हे अर्थातच सांगितलं नाही. गोष्टीत गोदा नावाची एक बिचारी सून होती. सासू छळते, नवरा मारतो, दीर घराबाहेर काढतो, आणि शेवटी गोदा पोराला पोटाशी धरून वडाखाली बसून राहते. तिचं पुढे काय झालं ते मी लिहिलं नव्हतं. कॉलेजात सगळ्यांना तो शेवट फार आवडला होता.

वर्गात सोना म्हणून एक मुलगी होती. ती रडली, घरी गेली, घरी सांगून परत रडली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई, यमुनाबाई, काखेत गाठोडं घेऊन शाळेत हजर.

“बाई, ती गोदा कुठल्या गावची?”

“कोण गोदा?”

“वडाखाली बसल्याली. आमचं मालक उद्या येष्टीनं जानार हायेत, घिऊन येत्याल तिला. जनावरं छावनीत गेल्यात, गोठ्याच्या कडंची खोली रिकामीच हाय.” गाठोड्यात एक धुतलेलं लुगडं होतं आणि फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी. त्या साली कुणाच्या घरात भाकरी जास्तीची नव्हती.

मी म्हटलं, “अहो, तशी गोदा नाहीच कुठं. ती खोटी आहे. कुणीतरी मनानं रचलेली.”

“रचल्याली? कुनी?”

“एका लेखिकेनं.”

“म्हंजी बाईमानसानं?” यमुनाबाई खालीच बसल्या. “मग बाईमानसानंच रचायची हुती तर जरा नीट रचायची की. एक सासू चांगली द्याया तिचं काय जात हुतं?”

लुगडं त्यांनी परत गाठोड्यात बांधलं. भाकरी माझ्या टेबलावर ठेवल्या. “ऱ्हाऊ द्या. तुमी खावा.”

त्यानंतरच्या माझ्या एकाही गोष्टीत कुणी वडाखाली बसलेलं नाही. एकीला मारायची अगदी तयारी झाली होती, पण यमुनाबाई आठवल्या आणि मी तिला नगरच्या दवाखान्यात नेऊन बरी केली.

*

दुष्काळात शाळेत पोरांना खायला सरकारी सुकडी सुरू झाली. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला कुणाचं लक्ष कुठं असायचं हे सांगायला नको. नेमकी त्याच तासाला मी परीक्षा घेतली. प्रश्न होता: तुम्हांला आवडलेल्या पात्राचे स्वभावचित्र रेखाटा.

बबननं लिहिलं:

“मला आवडलेले पात्र म्हणजे सुकडीचे पातेले. ते अंगाने भरदार व रंगाने काळे आहे. ते दिसायला कडक पण आतून मऊ आहे. ते कोणाला नाव-गाव विचारत नाही. हेडसरांच्या मुलाला व मला सारखेच देते. त्याला गर्व नाही. जाताना ते रिकामे असते, तरी त्याचा राग येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते परत येते. असे पात्र प्रत्येक धड्यात असावे.”

मी पेपर घेऊन हेडसरांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचला. आपल्या मुलाचा उल्लेख आला तिथं थोडे थांबले.

“प्रश्नात ‘धड्यातले पात्र’ असं म्हटलंय का?”

“नाही सर. नुसतं पात्र.”

“स्वभाव दिलाय?”

“दिलाय.”

“मग मार्क द्यावे लागतील. प्रश्न कोणी काढला?”

“मी.”

“मग बदली तुमची,” हेडसर म्हणाले. या वेळी पहिल्यांदाच त्यांनी कुणाची ते सांगितलं.

*

तपासणीला साहेब येणार म्हणून वाघ सरांनी महिनाभर तयारी केली. चित्रकलेच्या सरांकडून एक मोठा तक्ता करून घेतला. त्यात एक धिप्पाड पुरुष उभा, आणि त्याच्या अंगावर बाण दाखवून लिहिलेलं: मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र. जुन्या काळी लोक असं मानत, एवढंच वाघ सरांना सांगायचं होतं. चार प्रश्न, चार मुलं, चार उत्तरं, सगळं घोटवून घेतलेलं.

साहेब आले. चारही उत्तरं झकास झाली. वाघ सरांची छाती जेवढी फुगायची तेवढी फुगली. पण साहेब होते हौशी. खुर्चीत सैल बसून म्हणाले, “आता मी नाही विचारणार. आता तुम्ही मला प्रश्न विचारा.”

हेडसर दारात उभे होते, त्यांनी चौकट धरली.  आणि वर्षभरात कधी तोंड न उघडलेली सोना उभी राहिली.

“साहेब, पोटातून कोन आलं?”

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. पोटावर बाण नव्हता. “पोटातून कोणी नाही आलं, बाळ.”

“आसं कसं?” सोना म्हणाली. “आमची माय तर म्हनती, समदीच पोटातून येत्यात.”

साहेबांनी वाघ सरांकडे पाहिलं. वाघ सरांनी तक्त्याकडे पाहिलं. तक्ता सरळ समोर बघत होता. सोना मात्र उत्तराची वाट पाहत उभीच राहिली. शेवटी साहेबच म्हणाले, “बस बाळ, तुझ्या आईचं बरोबर आहे.”

पुढे तपासणीचा शेरा आला. “इतिहासाचे अध्यापन समाधानकारक. चित्रात सुधारणेस वाव आहे.”

*

आता हा शेवटचा. हा मी मठ्ठा संपल्यावर सांगते.

स्नेहसंमेलनासाठी मी एक छोटं नाटक लिहिलं. पात्रं चार: राजा, पुरोहित, सावकार आणि चाकर. राजा कोण होणार यावरून वर्गात जुंपली, म्हणून मी चिठ्ठ्या टाकल्या. राजाची चिठ्ठी किसनला आली आणि चाकराची सर्जेरावाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील शाळेत आले. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, कमिटीचे चेअरमन तेच. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्यांनी आपली विहीर गावाला मोकळी केली होती. वस्तीतल्या लोकांना मात्र विहिरीवर चढायची मुभा नव्हती. त्यांना गडी वरून पाणी ओतायचा.

“बाई,” पाटील शांतपणे म्हणाले, “माझा पोरगा किसन्याफुडं वाकून पानी देनार?”

“नाटकात, पाटील. आणि चिठ्ठीत आलंय.”

“मग चिठ्ठी बदला.”

“बदलता येईल,” हेडसर लगेच म्हणाले.

मी म्हटलं, “सर्जेरावाला तरी विचारू.” त्याला बोलावलं. तो बापाकडे न बघता म्हणाला, “आबा, राजाला लई भाषान पाठ करावं लागतं. चाकराला चारच वाक्यं हायेत.”

पाटलांना आपल्या मुलाचा अभ्यास ठाऊक होता. ते हसले. “ऱ्हाऊ द्या चाकर. पन तांब्या रिकामा ठिवा, बाई. नुस्तं पेल्यासारखं करायचं.” मी कबूल केलं.

संमेलन दुपारचं होतं. बाकं बांधून स्टेज केलेलं, पडद्याला चादरी. पुढच्या खुर्च्यांवर पाटील आणि हेडसर, मागे गाव, आणि बाजूला कडुनिंबाखाली वस्तीतले लोक. किसन पुठ्ठ्याचा मुकुट घालून आला आणि त्यानं भाषण सुरू केलं. रडणारी तान्ही पोरंसुद्धा गप्प झाली. सर्जेराव हात जोडून उन्हात उभा. शेवटी राजा म्हणाला, “कोण आहे रे तिकडे? पाणी आणा.”

सर्जेरावानं तांब्या आणला, वाकून पुढे केला. किसननं तो तोंडाला लावला. आणि सगळ्या गावानं पाहिलं, किसनच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं. तांब्या भरलेला होता. सर्जेरावानं घरून भरून आणलेला, पाटलांच्या विहिरीच्या पाण्यानं.

किसन क्षणभर थबकला. मग सावकाश प्यायला आणि तांब्या परत दिला. इथं चाकरानं निघून जायचं होतं. सर्जेराव गेला नाही. त्यानं तांब्यात डोकावून पाहिलं, उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं, बाहीनं तोंड पुसलं आणि आपलं चौथं वाक्य म्हटलं, “आज्ञा, महाराज.”

पडदा पडला तरी टाळी पडली नाही. कडुनिंबाखाली किसनचा बाप उठून उभा राहिला होता. पाटील उठले, स्टेजपाशी गेले.

“सर्जा, बाहेर ये. पानी का पेलास?”

सर्जेराव पडद्यातून बाहेर आला. त्याच्यामागून किसन, मुकुटासकट.

“नाटकात हाय, आबा,” सर्जेराव म्हणाला.

“हाय, पाटील,” किसन म्हणाला. “उरल्यालं पानी चाकर पितो, आसंच हाय.”

पाटील माझ्याकडे वळले. “बाई, तुमी लिवलंय हे?”

“हो,” मी म्हटलं. 

 मग पाटील हेडसरांकडे वळले. हेडसर त्यांच्याशी कधी खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तेवढं धाडसच नव्हतं त्यांच्यात.

“हेडमास्तर, तुमी वाचलंय का नाटक?”

हेडसर उभे राहिले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. मी डोळे मिटून घेतले.

“वाचलंय की,” हेडसर म्हणाले. “नवव्या पानावर आहे ते.”

“नवव्या पानावर.”

“हो. मधोमध.”

पाटलांनी पटका सारखा केला. “लिवल्यालंच आसंल तर मग काय बोलनार,” म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले. “चालू द्या फुडचं.”

माझं नाटक सगळं मिळून सहा पानांचं होतं.